कुठल्याच राज्याची नाही

सव्वीस वर्षं न्यू जर्सीत राहून, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन सुनीती टिपणीस नवरा वारल्यावर कायमची दिल्लीत मयूर विहारला आली, धाकट्या बहिणीच्या, अरुणाच्या घरी. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं निकामी होती. तिकडच्या गॅरेजचा आपोआप चालणारा दरवाजा हातावर कोसळला होता. दिल्लीत स्थिरावल्यावर तिने दरवाजा बनवणाऱ्या ओहायोच्या कंपनीवर न्यू जर्सीतल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात दावा लावला.

दीड वर्षाने कंपनीने हरकत घेतली. सुनीतीच्या वकिलाचा, तनयाचा फोन आला.

"मावशी, फेडरल कोर्टात असा दावा चालायला दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक लागतात, नाहीतर एक परदेशी. तुम्ही परदेशी नाही. आणि कायमच्या दिल्लीला गेला असाल, तर न्यू जर्सीच्याही नाही. मी आधीच नीट विचारायला हवं होतं."

"मग मी कुठली?"

"अमेरिकेची. पण कुठल्याच राज्याची नाही."

भारतीय पासपोर्ट ठेवला असता, तर हरकत टिकली नसती. सुनीतीला हसूही येईना.

"राज्याच्या कोर्टात जाऊ मग."

"तिथली मुदत संपलीय. सवलत मिळेलच असं नाही."

या हरकतीवर सुनीतीची साक्ष व्हिडिओवर होती, संध्याकाळी साडेसातला. अरुणाने लॅपटॉप लावून दिला आणि हळूच म्हणाली, "ताई, म्हण ना, परत जाणार होते म्हणून. बिल्कुल कुणाला कळणार नाही."

शपथ झाली. कंपनीच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "दावा लावला त्या दिवशी न्यू जर्सीत परत राहायला जायचा तुमचा विचार होता?"

एक 'हो' पुरला असता. पडद्यावर तनया खाली कागदांकडे बघत होती. दाराशी अरुणा उभी होती.

"नाही," सुनीती म्हणाली. "घर विकूनच आले होते मी."

अरुणा आत निघून गेली. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

महिन्याभरात दावा फेटाळला गेला, हाताबद्दल एक शब्दही न ऐकता. तनयाने त्याच आठवड्यात राज्याच्या कोर्टात नवा लावला. पुढचे चार महिने सुनीती रोज सकाळी उठल्याउठल्या मेल बघायची. अखेर कळलं: पहिला दावा मुदतीत आणि प्रामाणिकपणे लावला होता, म्हणून राज्याच्या कोर्टाने मुदत संपलेली असूनही नवा दाखल करून घेतलाय.

तिने अरुणाला मोठ्याने वाचून दाखवलं. अरुणा म्हणाली, "अच्छा, म्हणजे आता खरी केस सुरू." आणि कुकर लावायला वळली.