उलट्या हाताचा रबर

माझ्या मुलीच्या बॅटला एका बाजूने लाल रबर आहे आणि दुसऱ्या बाजूने काळा. लाल बाजूने ती सुलट्या हाताने मारते, काळ्या बाजूने उलट्या हाताने. तिचे सर त्याला बॅकहँड म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकले, पण धुळ्याच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये दाराजवळच्या बाकावर तीन वर्षं बसून एवढं मला कळायला लागलं होतं की माझ्या मुलीचा उलटा हात कच्चा आहे. त्या बाजूला चेंडू आला की ही आधी अंग चोरायची आणि मग मारायची. तोवर उशीर झालेला असायचा.

अंग चोरायची सवय तिने माझ्याकडून घेतली असावी. हॉलमध्ये मी कोणाशी बोलत नाही. कोणी माझ्याकडे बघायला लागलं की मी पिशवीत हात घालते. पिशवीत शोधायचं काही नसतं.

घरी मी गल्लीतल्या बायकांबरोबर उडदाचे पापड लाटते. पीठ कुटून लाट्या पाडल्या की प्रत्येक लाटीला तेलाचं बोट लावून झाकून ठेवावं लागतं. नाहीतर आमच्याकडच्या हवेत ती घटकाभरात वरून सुकते आणि पोळपाटावर फाटते. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस लाटणं आटपून उठले, तर मुलीची बॅट खाटेवर उघडी पडलेली. तिचा काळा रबर मला अगदी सुकलेल्या लाटीसारखा दिसला. वरून कोरडा, कडेला पांढरट. माझी बोटं तेलाची होतीच. एक बोट त्या रबरावरून फिरवलं, पदराने पुसलं आणि बॅट कव्हरात ठेवून दिली. रबर काळाभोर दिसायला लागला. मला बरं वाटलं. मग एक दिवसाआड मी तेच करत राहिले.

मुलगी म्हणाली, "माय, मनी बॅटले पापडना वास येस."

"घरमा बठ्ठालेच येस," मी म्हटलं. घरात सगळ्यालाच तो वास होता.

पहिल्या दिवशी तिचे उलट्या हाताचे चेंडू घसरून जाळीत गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग तिने बॅट थोडी वर धरली आणि नुसती चेंडूखाली ठेवून द्यायला लागली. त्यानंतर काहीतरी वेगळंच झालं. समोरच्या पोरी फिरकी देऊन जोरात मारायच्या, आणि हिच्या बॅटवरून तो चेंडू असा मरगळून परत जायचा की त्यांना कळायचंच नाही. कोणी जाळीत मारायची, कोणी टेबलाबाहेर. जी मुलगी हिला रोज हरवायची, ती त्या आठवड्यात तीनदा हरली आणि बॅट आपटून म्हणाली, "हिच्याशी मी नाही खेळणार, हिचा बॉल घाण येतो."

माझी मुलगी हसली. हॉलमध्ये तिला असं तोंडभर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सरांनी तिची बॅट मागून घेतली. काळ्या रबरावरून अंगठा ओढला. अंगठा सर्रकन पुढे गेला. "रबर डेड झालाय पार," ते म्हणाले. "ग्रिप काही उरली नाही. पण या पोरीने तेच जमवून घेतलंय बघा. हात मऊ आहे हिचा. हिला बॅकहँडला दाणेवाला रबर लावू."

दाणेवाला रबर मी पाहिला होता. साधा रबर वरून सपाट असतो, चेंडूला धरतो. दाणेवाल्याचे बारीक दाणे वर असतात. तो चेंडूला धरत नाही, समोरच्याचीच फिरकी त्याला परत देतो. त्याने खेळणारा बराच वेळ नुसता अडवत राहतो आणि समोरच्याने चुकायची वाट बघतो. जळगावला संघाच्या निवडीचे सामने व्हायचे होते. हॉलकडून प्रत्येक खेळाडूला वर्षाला एकच रबर मिळायचा. म्हणजे जो लागेल, तो वर्षभर.

सर अंगठा पँटला पुसत होते. तो अंगठा का घसरला, ते त्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं. मुलीचा हात मऊ नव्हता, माझं तेल होतं ते. आणि त्या तेलावरून सर तिचा पुढचा सगळा खेळ ठरवत होते.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पिशवीत हात घातला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आपसातले सामने होते. सकाळी मुलगी वेणी घालत बसली होती, खूश होती. मी तिची बॅट काढली आणि परत तेलाचं बोट फिरवलं. पहिल्यांदा लावलं ते न कळून लावलं. हे मात्र मी सगळं कळून लावलं. ती चारही सामने जिंकली. मी बाकावर बसून साडीला बोटं घासत होते, पण तेल काही बोटांवरून जात नव्हतं.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. मी लाटलेला पापड परत गोळा करून लाटायचे. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "काय व, पापडवर काय नकाशा काढी राहिनी?" मुलीला एकटीला गाठून सांगावं असं दहादा ठरवलं, आणि दहादा तिचं हसणं आठवून गप्प बसले.

रबर घ्यायला जळगावला जायचं ठरलं. सर म्हणाले, "ताई, तुम्हीपण चला. मुलीबरोबर घरचं कोणी हवं." आम्ही एसटीत बसलो. सर पुढच्या सीटवर, आम्ही दोघी मागे. मी मनात वाक्य जुळवत होते. पारोळ्याला सांगते, असं ठरवलं. पारोळ्याला गाडी थांबली, माणसं चढली, गाडी निघाली. मग एरंडोल. एरंडोल सुटता सुटता मी एकदाची म्हटलं, "सर."

सर वळले. "पाणी पाहिजे का ताई?"

मी मान हलवली. त्यांनी बाटली दिली. तहान नव्हती तरी मी अर्धी बाटली प्यायले. मुलगी म्हणाली, "माय, तुले काय व्हई राहिनं आज?"

दुकान लहान होतं. म्हातारे दुकानदार पाकिटं काउंटरवर मांडत होते. सरांनी दाणेवाला बाजूला काढला. मी मुलीकडे बघत होते. ती त्या पाकिटाकडे बघतच नव्हती. शेजारच्या साध्या रबराच्या पाकिटावरून नखाने रेघ ओढत होती. दुकानदारांनी तिची बॅट घेतली, जुना रबर एका कोपऱ्यातून सोलायला सुरुवात केली, नवा काढून त्यावर लाकडाचा आकार आखला आणि कात्री उचलली.

"एकदा कापला की परत घेणार नाही हां," ते म्हणाले.

"कापू नका," मी म्हटलं.

माझा आवाज दुकानात केवढा मोठा झाला! सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात पिशवीत गेला होता, तो मी बाहेर काढला.

"सर, तिचा हात मऊ नाही. जुन्या रबराला मी तेल लावलंय."

"काय लावलं अक्का?" दुकानदारांनी कात्री खाली ठेवली.

"तेल. शेंगदाण्याचं. सुकला होता म्हणून. लाटीला लावतो तसं."

दुकानदारांनी बॅट नाकाशी नेली. "अरे बापरे! मग फोडणी का ठेवली बाकी?"

ते हसले, पण सर हसले नाहीत. त्यांनी बॅट घेऊन वास घेतला, परत अंगठा फिरवला, या वेळी सावकाश. त्यांचा चेहरा उतरला. "मी सगळ्यांना सांगत सुटलो ताई, की पोरीचा हात बघा," ते म्हणाले. "आणि एकदा नुसता वासही घेतला नाही मी." मला वाटलं होतं ते मला रागावतील. ते स्वतःवरच चिडले होते, आणि ते बघणं जास्त अवघड होतं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, "घरमाच सांगी देती ना माले."

मी पदर पुढे केला. तिने तो घेतला नाही.

सरांनी तिला विचारलं, "खरं सांग बेटा. अडवायचंय तुला का मारायचंय?"

"मारायचंय." मग नाक पुसून म्हणाली, "पण बॉल जात नाही."

"दाणेवाला लावला तर यंदा जिंकशीलही. साधा लावला तर सगळं पहिल्यापासून. हरशील."

"मारायचंय," ती परत म्हणाली.

दुकानदारांनी साध्या रबराचे तीन प्रकार मांडले. दाणेवाला त्यांनी आत ठेवला नाही, तसाच बाजूला राहू दिला. सर म्हणाले, "ताई, तीन वर्षं तुम्ही बाकावरून बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिन्ही रबर अंगठ्याने दाबून पाहिले. पीठ कुटून झालं की लाटी अशीच दाबून बघतो, खड्डा किती वेळात भरतो ते. पहिला दगडासारखा होता. दुसरा दाबला की लगेच उसळून वर यायचा. तिसऱ्यात अंगठा जरा आत राहायचा आणि मग हळूहळू वर यायचा.

"दुसरा घाई करतो," मी म्हटलं. "तिचा हात उशिरा येतो. हा तिसरा थोडं थांबतो."

सरांनी दोन्ही दाबून पाहिले. मग दुकानदारांना म्हणाले, "तिसरा लावा."

परतीच्या गाडीत मुलगी सरांच्या शेजारी जाऊन बसली. घरी आल्यावर तिने बॅट पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर चढवली, जिथे माझा हात पोचत नाही. ओल्या फडक्याने ती बॅट स्वतःच पुसायची. पुढचे दोन महिने हॉलमध्ये ती रोज हरत होती. ज्या पोरी तिला टाळायच्या, त्या आता मुद्दाम तिच्याशी खेळायला यायच्या. तिचे चेंडू भिंतीला लागायचे आणि दर वेळी मला वाटायचं, मी तोंड उघडलं नसतं तर? तिसरा म्हटलं, ते खरंच कळून म्हटलं की कोणीतरी विचारलं या आनंदात?

जळगावच्या निवडीत ती पहिला सामना जिंकली आणि दुसरा हरली. शेवटच्या गेमपर्यंत गेला होता. शेवटचा चेंडू उलट्या हाताला आला. तिने अंग चोरलं नाही, खेचून मारला, आणि तो टेबलाच्या पलीकडे जेमतेम चार बोटं बाहेर पडला. निवड झाली नाही.

येताना ती माझ्या शेजारी बसली. मांडीवर पेटी. एरंडोल गेलं. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. पारोळ्याच्या अलीकडे ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "माय, आज तीन बॉल मना व्हतात."

"उलटा हातना?"

"हां. त्या अडवेल नही व्हतात. मारेल व्हतात."

एवढं बोलून तिने पेटी माझ्या मांडीवर सरकवली आणि काचेला डोकं टेकून डोळे मिटले. मी दोन्ही हातांनी पेटी धरून ठेवली. तीन म्हणाली ती. मी सगळा सामना डोळ्यांसमोर आणला. मला दोनच आठवत होते. तिसरा कोणता, ते शोधत मी धुळ्यापर्यंत आले.