शिकलेली एक, राबलेली दुसरी

मुलगा सौदीत अल-खोबरला इंजिनियर आणि सून नर्स. मला इथं आणलं ते नात सांभाळायला. गेल्या वर्षी मात्र काही आठवडे नातीला सांभाळायला तिची आई दिवसभर घरातच होती, आणि मला डाळ निवडण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. ते आठवडे माझ्यामुळे आले होते. मुलाशी हे मी अजून सरळ बोललेले नाही. सुनेला सांगण्याची गरजच नव्हती.

इथल्या एका खासगी इस्पितळात तिला नोकरी लागली ती तात्पुरत्या परवान्यावर. मुदत सहा महिने. तेवढ्यात तिचे सगळे कागद भारतात जिथून निघाले तिथं जाऊन तपासले जाणार, जुळले की कायमचा परवाना. तात्पुरत्याची तिला सवय होती. मुलाची बदली बडोद्याला झाली तेव्हा महाराष्ट्रातली नोंदणी तिथं चालेना, म्हणून असाच मुदतीचा कागद घेऊन ती कामाला लागली होती आणि तो वाढवत वाढवत तिनं तीन वर्षं काढली. मग नात झाली, मग हा देश, आणि चार वर्षं ती घरी. या नोकरीनं ती पुन्हा माणसांत आली होती. पहाटे उठून, केस घट्ट बांधून, जिना उतरताना गुणगुणायची. घरी असताना तिला मी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात तिच्या फोनवर कागद तपासणाऱ्यांचा संदेश आला. ड्यूटीवरून आली ती बूट न काढताच सोफ्यावर बसली आणि फोन माझ्यापुढे धरला. कचेरीपुरतं इंग्रजी मला येतं. पदवी आणि नोंदणी एका बाईची, पासपोर्ट आणि बडोद्याचा अनुभव दुसऱ्या बाईचा, तरी खुलासा करावा. म्हणजे शिकली एक आणि राबली भलतीच.

यातली दुसरी बाई मी तयार केली होती.

नाव बदलायची हौस मला पहिल्यापासून. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि पुढचे दोन महिने वाण्याच्या यादीच्या पाठीवरसुद्धा नवी सही गिरवत होते. काय ती सही! शेवटच्या अक्षराला असा फरकाटा, की जणू मी राजपत्रित अधिकारी. तो बावळटपणा निदान माझ्यापुरता होता. मुलाच्या लग्नात मी पन्नाशीच्या पुढे होते, तरी अक्कल तीच. मुलाच्या नावाशेजारी शोभेल असं नाव मी पत्रिका छापायच्या आधीच ठरवून टाकलं. सून तेव्हा हळूच म्हणाली होती, "आई, राहू द्या ना. सर्टिफिकेटं सगळी याच नावावर आहेत." मी म्हटलं, अगं, लग्नाचा दाखला असतो की. आणि पासपोर्टचा अर्ज मी स्वतः भरला, ठळक अक्षरात.

मी कोण होते हे सांगितलं म्हणजे मजा कळेल. तालुक्याच्या कचेरीत मी तीस वर्षं कारकून होते. दाखल्यांचं टेबल. पंचविशीतली मी त्या टेबलामागे अशी बसायची, की मानेवर छत्री अडकवली असती तरी हलली नसती. लांबच्या गावाहून एस्टीनं बाया यायच्या. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. मी वर न बघता म्हणायची, दोन्ही एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. एक बाई तीनदा परत गेली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "बाई, मी तुमच्यासमोर उभी हाय, ती कोण मग?" मी तिला शिपायाकडे बोट दाखवलं. त्याला मी काटेकोरपणा समजत होते. आणि ह्याच हुशार बाईनं आपल्या सुनेच्या नावात पायलीभर गोंधळ करून ठेवला, राजपत्रात साधी नोंदही न करता.

भारतीय पासपोर्टची कामं करणारं एक केंद्र आहे. मुलगा आणि सून तिथं निघाले तेव्हा मीही हट्टानं बरोबर गेले. खिडकीमागचे गृहस्थ हैदराबादचे, माझ्याच वयाचे. त्यांनी सगळे कागद पसरले, चष्मा कपाळावर चढवला आणि सुनेला हिंदीत विचारलं, की नाव तुम्ही बदललंत का. तिच्या आधी मीच म्हटलं, "मैंने बदला." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. का, म्हणून विचारलं नाही. त्यांनाही सुना असाव्यात.

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, महाराष्ट्रात राजपत्रात नोंद करायची, तिच्या आधारावर विद्यापीठाची पदवी बदलून घ्यायची, मग नर्सिंगची नोंदणी, मग सगळं पुन्हा तपासणीला. किती महिने लागतील ते देव जाणे. दुसरा, पासपोर्टच माहेरच्या नावावर परत न्यायचा. तो झाला की इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बदलेल, पदवी आणि नोंदणी आपोआप जुळतील, राहील फक्त बडोद्याचा अनुभवाचा दाखला. त्याला घरच्यांचं प्रतिज्ञापत्र पुरेल. इस्पितळानं सांगितलं होतं, मुदत संपल्यावर आम्ही एक महिना जागा ठेवू, पुढे नाही.

घरी परत येताना टॅक्सीत मुलगा पुढे बसला, आम्ही दोघी मागे. दुसरा रस्ता सोपा आहे हे तिघांनाही कळत होतं, आणि माझ्यासमोर तो उच्चारायचा कुणी, एवढाच प्रश्न होता. मुलगा दोन दिवस माझ्याशी हवापाण्यावर बोलत राहिला. इथं काय हवापाणी, ऊन आणि अधिक ऊन. शेवटी सूनच बोलली. मी भेंडी चिरत होते, ती समोर येऊन बसली.

"आई, मला माझं नाव परत हवंय. नुसतं परवान्यासाठी नाही."

ते शेवटचं वाक्य तिनं उगाच जोडलं असं मला आधी वाटलं. परवान्यासाठी म्हणाली असती तर मी मोठ्या मनानं परवानगी दिली असती आणि वर पुण्य घेतलं असतं. तिनं ती सोय ठेवली नाही. मी भेंडी चिरत राहिले. मग म्हटलं, "कर. प्रतिज्ञापत्र माझ्या नावानं लिही. हे सगळं माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

मुलाला हरकत नसल्याचं पत्र द्यायचं होतं. त्यानं सही करण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, बायको तुझी आहे. माझ्या प्रतिज्ञापत्रात नाव बदलण्याचं कारण लिहायचं होतं. मी सांगितलं, सासूची हौस. केंद्रातल्या गृहस्थांनी मान हलवून 'रूढी' लिहिलं. मला सूट मिळाली.

वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. ती पुण्यात माझ्या भाच्यानं दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन थांबेना. विवाहित बाई माहेरचं नाव लावते आहे, एवढंच वाचून अख्ख्या गोतावळ्यानं घटस्फोट लावून टाकला. एक जाऊबाई तर रडल्याच. नात कुणाकडे राहणार, हेही त्यांनी विचारलं. मी प्रत्येकीला तेच सांगत होते, की दोघं आतल्या खोलीत झोपलेत आणि घोरतायत. आठव्या-नवव्या फोननंतर मीही थकले. मी म्हणायला लागले, हो, झालं ते बरंच झालं.

या धावपळीत मुदत संपलीच. ज्या दिवशी संपली त्या दिवशी सून नेहमीच्या वेळी उठली, केस बांधले आणि मग स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. परवान्याविना तिला रोग्याला हात लावायची मनाई. नात विचारायची, "आजी, व्हाय इज मम्मा ॲट होम?" मी सांगायची, मम्माला सुट्टी आहे. नात म्हणायची, "देन व्हाय इज शी सॅड?" मी डाळीचं ताट तिच्यापुढे सरकवायची, खडे वेचायला.

पासपोर्ट आला. मग इकामा. मग पुन्हा कागद तपासणाऱ्यांचं पोर्टल, आणि त्यावर रोज तीच लाल अक्षरं, कागद तपासणीत आहेत. इस्पितळातून कुणी तरी रोज विचारायचं. ते रागावून विचारत असते तर बरं वाटलं असतं. महिन्यातले सव्वीस दिवस गेले.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी जेवताना फोन वाजला. तिनं डाव्या हातानं उचलून पाहिला आणि ताटाशेजारी माझ्यापुढे ठेवला. परवाना. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आमच्या घरातलं एक अक्षर त्यात नव्हतं. मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू. थोडं वाटलं. ती उठून हात धुवायला गेली आणि नळ उघडा ठेवून बराच वेळ तिथंच उभी राहिली. मी तिच्या ताटात उरलेला भात झाकून ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उद्या सकाळी."

मग तिनं घड्याळाकडे बघितलं, गणवेश धुवायला टाकला आणि जाऊन आडवी झाली. मीही नातीशेजारी पडले. आम्हा सासूसुनेला दोघींनाही झोप आली होती, महिन्याभराची.