मालनबाईंची जपानी दुखणी

मालनबाईंच्या अंगात जपानी बाई येते, ही बातमी आमच्या राहात्याच्या गल्लीत दगडाबाईंनी आणली. नळावर, हंडा काखेत, आवाज खाली, भुवया वर. "माज्या कानानं ऐकलं गं! खाटंवर पडल्याली, डोळे पांढरे, आन नुसतं 'इताई इताई'! मंग म्हनं 'कुरुशी'. ही काय मानसाची बोली हाय का?" दुपारपर्यंत गल्लीनं ठरवूनही टाकलं, की शिर्डीला दर्शनाला आलेली कुणी परदेशी बाई असणार, वाट चुकून इकडं आली.

मालनबाई पेरूच्या शेडवरनं पॅकिंग करून आल्या होत्या, पाय धूत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी बौद्ध मानसं. आमच्यात कुनाच्या अंगात येत न्हाई. आन जपानवरनं यायला व्हिसा लागतो."

खरं काय होतं, तर त्यांची एकुलती एक लेक संस्कृती शिर्डीच्या क्लासला जपानी शिकत होती. जपानमधल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी मिळणार होती, पण परीक्षा पास झाली तर. परीक्षेच्या सरावाला दोघी लागतात. एक आजारी, एक तिला विचारणारी. संस्कृतीचे वडील ती लहान असतानाच गेलेले. तेव्हा आजारी पडायला घरात मालनबाईच उरल्या. "पडल्या पडल्या शिकायचं आसंल तर शिकीव," म्हणत त्या शेडवरनं आल्या की खाटेवर आडव्या व्हायच्या.

इताई म्हणजे दुखतंय. नेत्सु म्हणजे ताप, मेमाई म्हणजे चक्कर. कुरुशी म्हणजे जीव कोंडतोय. पण मालनबाईंना गोडी लागली ती दुखण्याच्या तऱ्हांची. ठसठस दुखलं की जपानी माणूस म्हणतो झुकिझुकी. चुरचुरलं तर हिरिहिरी. डोकं घणघणलं तर गांगां! "म्हंजी आपल्यावानीच की," त्या खूश झाल्या. "दुकनं तसा आवाज."

एका शब्दाला मात्र आवाज नव्हता. साबिशी.

"हे कुठं दुकतं?" त्यांनी विचारलं.

"कुठं नाही, आई. करमत नाही ना, ते."

"आन ते डाक्टरला सांगायचं?"

"सांगायचं. तिकडं म्हातारी माणसं सांगतात. मग आपण जवळ बसायचं."

"आपल्यात सांगत न्हाईत," मालनबाई म्हणाल्या. "तसंच कामाला जात्यात."

संस्कृती पास झाली आणि गेली. महिन्याभरात क्लासच्या शुभांगी मॅडम दारात. ("मावशी, अॅक्चुअली, तुमच्यासारखा पेशंट आम्हाला मिळतच नाहीये हो!") तेव्हापासून दर रविवारी मुली मालनबाईंच्या घरी यायला लागल्या. मालनबाई पडत, कण्हत, पुस्तकात नसलेली दुखणीही काढत. एकदा जीव असा काही कोंडून घेतला, की श्रीरामपूरच्या एका मुलीनं पुस्तक फेकलं आणि १०८ला फोन लावला. "आगं, मेली न्हाई मी," मालनबाई उठून बसल्या, "जपानीत इचार की!"

धडा संपला तरी त्या लगेच उठत नसत. मुली पाठीखाली हात घालून त्यांना कुशीवर वळवायच्या, तेव्हा म्हणत, "ऱ्हाऊ दे जरा तसाच." संस्कृतीचा हात असाच पडायचा, पाठीच्या मधोमध. तो हात आता तिकडं कुणाच्या तरी आईला कुशीवर वळवत असेल. चांगलंच आहे, त्यासाठीच धाडली. तरी पाठ आपली त्या हाताची वाट बघायची.

आणि इतकी दुखणी तोंडपाठ असलेली ही बाई लेकीच्या फोनवर काय बोलायची? "जयभीम. मी बरी हाय. जेवली का?" संपलं. लेकीचा करार संपत आला होता. पुन्हा सही केली तर आणखी काही वर्षं तिकडंच. लेक दर फोनला विचारायची, "करू ना सही, आई? तुझं काही नाही ना?" आणि मालनबाई फोन लांब धरून, कॅमेऱ्यात फक्त कपाळ दाखवत म्हणायच्या, "माजं काय आसनार? कर की."

शेजारधर्म म्हणून हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकायची. एक दिवस राहवलं नाही. त्यांच्यापुढं जाऊन त्यांच्याच आवाजात म्हटलं, "माजं काय आसनार? कर की." हुबेहूब आलं. मालनबाई हसल्या नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, पैज. करमत नाही, हे तुम्ही तिला सांगणारच नाही. आणि मराठीत सांगायचं, जपानीत चालणार नाही. हरलात तर तिनं पाठवलेली ती घडीची छत्री माझी."

"आन तू हरलीस तर?"

"म्हणाल ते."

"तर पोरींम्होरं खाटंवर तू पडायचं," त्या म्हणाल्या. "लई आवाज काढतीस ना लोकांचे? कन्ह म्हनावं आता."

फोन आला तेव्हा मी तिथंच बसलेली. जयभीम झालं, जेवण झालं. लेक म्हणाली, "आई, उद्या सही करायचीय." मालनबाईंनी फोन नेहमीसारखा लांब धरलेला. एकदम म्हणाल्या, "साबिशी."

तिकडं संस्कृती खळखळून हसली. "क्या बात है, आई! उच्चार एकदम बरोबर!" मी छत्रीकडं बघितलं. जपानीत बोलल्या, म्हणजे छत्री माझीच. पण लेकीला दिवसभर तेच काम. सवयीनं तिनं पुढचा प्रश्न टाकला, "इत्सु कारा देस का?" म्हणजे कधीपासून होतंय.

मालनबाईंनी फोन जवळ घेतला. सगळा चेहरा दिसेल इतका.

"तू गेल्यापासनं," त्या म्हणाल्या. "करमंना बाई."

पडद्यावर लेकीऐवजी नुसतं छत दिसायला लागलं. मला वाटलं फोन पडला. मग संस्कृतीचा आवाज आला, नाकातून, बारीक. "सही थांबवते. आधी रजा मागते."

"दितील का?"

"विचारते, आई."

फोन ठेवल्यावर मालनबाईंनी पदरानं आधी फोन पुसला, मग डोळे. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "रईवारी लौकर ये. आन केस आवळून बांध, पेशंटला लई उलटंपालटं करत्यात."