उंबऱ्यावरचा फॉर्म

"उंबऱ्यावर हुबं राहा, मगच बटन दाबा." ही तिची आज्ञा. ती देताना ती उजवा पाय दोनदा आपटायची. मग खाली माती असो, नाहीतर आमच्या कचेरीतली उखडलेली फरशी.

उंबऱ्यावर उभं राहू नये, लक्ष्मी अडते, असं आपल्या सगळ्यांनाच लहानपणी दटावलेलं आहे. कुपवाडच्या कामगार वस्तीतली ही साठीची बाई मात्र शेजारपाजारच्यांना धरधरून उंबऱ्यावर उभं करायची. कुणी कुरकुरलं की म्हणायची, "लक्ष्मीला म्हनावं, दोन मिनटं थांब भाईर. फारम वर्सातनं एकदाच येतो."

फॉर्म म्हणजे पंचवीस टक्क्यांचा. खासगी शाळांच्या पहिल्या वर्गातल्या चौथाई जागा गरिबांच्या मुलांना मोफत द्यायच्या, असा सरकारी नियम. अर्ज मोबाईलवर भरायचा, नकाशावर आपलं घर दाखवायचं, घराजवळच्या शाळा निवडायच्या. मग सोडत निघते आणि आम्ही कारकून मंडळी कागद तपासतो. हेतू चांगला, यात वाद नाही. पण गडी माणूस जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातच उभा राहून फॉर्म भरायचा. फोन जिथे असेल तिथेच घराची खूण पडायची. सोडतीत नाव लागायचं आणि तपासणीत घर निघायचं तीन किलोमीटर लांब. आम्ही 'अंतर चुकीचे' असा शेरा मारून प्रवेश रद्द करायचो. चूक की लबाडी, हे तपासायचा रकाना आमच्याकडे नव्हता.

ती मूळची माण तालुक्यातली. नवऱ्यामागून सांगलीत आली आणि इथलीच झाली. नवरा गेला, मुलगा फौंड्रीत लागला. ती महापालिकेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तांदळाच्या रिकाम्या गोणीची शिवलेली एक पिशवी तिच्या काखेत असायची. तीत साऱ्या गल्लीचे जन्माचे आणि उत्पन्नाचे दाखले. माझ्या टेबलाशी आली की ती आधी पंख्याखाली उभी राहून घाम पुसायची आणि मग पत्ते वाटावेत तसे कागद माझ्यापुढे टाकायची.

एकदा एक आई माझ्यासमोर रडायला लागली. हिने तिला कोपराने ढोसलं. "आदी कागद दाव, मग रड. रडल्याव सायबाला कागद दिसत न्हाईत." मला हसू आवरावं लागलं.

दोन वर्षांत तिच्या गल्लीतला एकही फॉर्म अंतरावरून बाद झाला नाही. हे आमच्या वरिष्ठांच्या नजरेत आलं. बाई एजंट तर नाही ना, विचारून घ्या, म्हणाले. मी विचारलं. ती चिडली नाही.

"आवं, इतकी वर्सं लोकांच्या पोरांची ताटं वाडली, तवा कुनी एजंट म्हनलं न्हाई. फारम भराया आलो की एजंट व्हय?"

मी विषय बदलला. तुमच्या घरात शाळेत जाणारं कुणी आहे का, असं विचारलं. "नात हाय की. आमच्याच शाळंत जाती. माजीच खिचडी खाती आन् मीठ कमी पडलं म्हनून मलाच सांगती." मग कागद पिशवीत भरता भरता म्हणाली, "आमची शाळा काय वंगाळ न्हाई, सायेब. पर दुसरं दार बगाया तरी मिळाया पायजे हुतं." मी मान डोलावली आणि पुढचा अर्ज घेतला.

पत्र्याच्या खोल्यांना उंबरा नसतो. तिथे ती दारात वीट ठेवायला लावायची, असं नंतर कळलं.

यंदा ती आली नाही. तपासणीच्या तिसऱ्या दिवशी तिची सून आली, धाकट्या मुलाचा प्रवेश पक्का करायला. पिशवी तीच. सासूबाई थंडीत गेल्या, म्हणाली. मला खरंच वाईट वाटलं. मी कागद पाहिले. खूण बरोबर घरावर होती.

"उंबऱ्यावर उभं राहून भरला ना?" मी म्हणालो. "त्यांचं बरं होतं, उंबऱ्याबिंबऱ्याचं काही मानत नव्हत्या."

"मानत न्हवत्या?" सून म्हणाली. "आवं, आमच्या घरात कुनी उंबऱ्याव पाय दिल्याला चालायचा न्हाई त्यास्नी. पर सायबांनीच सांगितलंय म्हनायच्या. पोरीच्या फारमच्या येळंला."

"कोणत्या साहेबांनी?"

"तुमीच की."

ती गेल्यावर मी कपाटातून चार वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला. नातीचा अर्ज सापडला. बापाने फौंड्रीतून भरलेला, सोडतीत नाव लागलेलं. त्यावर माझ्या अक्षरात शेरा: 'अंतर चुकीचे. अपात्र.' तो दिवस मला आठवत नाही. रांग मोठी असणार, मी वैतागलेला असणार. 'घरच्या उंबऱ्यावर उभं राहून भरायचा, एवढंही कळत नाही?' असं मी तेव्हा कितीजणांवर खेकसलो असेन, कुणास ठाऊक.

शेऱ्याखाली पालकाच्या वतीने आलेल्या माणसाकडून एक शब्द लिहून घ्यायची आमची पद्धत आहे. तो आजीनेच एकेक अक्षर जुळवत, कागदात पेन रुतवून लिहिला होता: 'समजले.'