येईल ते रीडिंग

भूकंप झाला त्या दिवशी अण्णा मावशीच्या गावी गेले. तीन दिवस त्यांनी हातांनी माती उपसली. मावशी सापडली, ती जिवंत नव्हती. अण्णा खोकत परत आले. तो खोकला पुन्हा गेला नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. लातुरात फिजिक्सचे क्लास घ्यायचे. मी त्यांच्याच घरी राहून एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. पस्तिशीत दमा सुरू होऊ शकतो हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. क्षय असेल म्हणून थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. काही निघालं नाही. शेजारी म्हणायचे, "धूळ बसली हाय आत, गूळ खावा."

वर्षभराने छातीच्या डॉक्टरांनी त्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. नळीवरचा लाल काटा सरकून थांबला. मग औषधाचा पंप ओढायला दिला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगितलं. काटा बराच पुढे गेला. "औषधाने श्वासनळ्या उघडल्या. म्हणजे हा दमा," डॉक्टर म्हणाले. अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, "बघ माय, आजारसुद्धा प्रयोग करून सिद्ध केला. माणूस खरा हाय."

तशीच एक नळी घरी आली. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा एक पंप, आणि दम लागला तरच ओढायचा निळा. शिवाय एक तक्ता. त्यावर डॉक्टरांनी दोन रेघा मारून दिल्या होत्या. आकडा पिवळ्या रेघेखाली गेला तर औषध वाढवायचं आणि घरी थांबायचं. लाल रेघेखाली गेला तर निळा पंप ओढत सरळ दवाखाना, विचार करत बसायचं नाही.

वहिनींनी तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला आणि नियम केला: आकडा बघितल्याशिवाय डबा नाही. अण्णा विद्यार्थ्यासारखी घासाघीस करायचे.

"अहो, दहानं तर खाली हाय. ग्रेस द्या की."

"तुम्ही देता का क्लासात?"

"न्हाई."

"मग बसा घरी."

आम्ही हसायचो, पण मला भीती वाटायची. भूकंपानंतर जमीन जराशी थरथरली तरी आम्ही भिंतींकडे बघायचो. मला भिंतीपलीकडून अण्णांचा श्वासही ऐकू यायचा. बारीक शिट्टीसारखा आवाज. पुस्तक उघडं ठेवून मी तोच ऐकत बसायचे. शिट्टी थांबली की जास्त भीती वाटायची.

पुढे लातुरात क्लासच क्लास झाले. उदगीर, बिलोली, भोकरकडून मुलं येऊ लागली. अण्णांच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दीडशेची बॅच बसायची. फळा ते ओल्या फडक्याने पुसायचे. निळा पंप मात्र कधी मुलांसमोर काढला नाही. "सरलाच दम लागतो म्हटल्यावर पोरांचा धीर सुटंल," म्हणायचे.

प्रॅक्टिकलच्या बाबतीत ते फार कडक होते. एकदा एका मुलीने लंबकाचा प्रयोग लिहून दाखवला. उत्तर अगदी पुस्तकातलं. अण्णांनी पान हळूच फाडलं. "हे तू मोजलं न्हाईस, बाळ. तुला आधीच माहीत होतं. रीडिंग येईल ते लिहायचं. चुकीचं आलं तर चुकीचं लिहायचं."

एका वर्षी प्रवेश परीक्षेला तीन आठवडे उरले होते. डाळमिलचा भुसा हवेत होता. अण्णा जिन्यात मध्येच थांबायचे, कठड्याला धरून, जणू काही आठवतंय अशा चेहऱ्याने. मी तक्ता बघितला. चारशे वीस, चारशे दहा, चारशे वीस. दोन आठवडे तेच, पिवळ्या रेघेच्या वरच. फार सुबक आकडे होते.

वहिनी मागे कपडे वाळत घालत होत्या. मी हळूच विचारलं, "अण्णा, हे मोजलंत?"

त्यांनी मागच्या दाराकडे नजर टाकली. मग म्हणाले, "परीक्षा होऊ दे, माय. हिनं डबा दिला न्हाई तर दीडशे पोरं बसून राहतील."

मी वहिनींना सांगितलं नाही. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, असं मनाशी म्हटलं.

चौथ्या दिवशी दुपारी, शिकवता शिकवता अण्णा खुर्चीत बसले. मुलांना वाटलं, विचार करतायत. पंप बॅगेत होता. मुलांना तो माहीतच नव्हता. दवाखान्यापर्यंत नेलं, पण उशीर झाला होता.

तेराव्याचे दिवस झाल्यावर मी त्यांची बॅग उघडली. खडूचा डबा, निळा पंप, तो रिकामाच होता. आणि नळी, जी एरवी घरीच असायची. फुंकल्यावर काटा हाताने खाली ढकलल्याशिवाय जागेवर येत नाही. तो एकशे ऐंशीवर होता, लाल रेघेच्या खूप खाली. म्हणजे गेले त्या दिवशी अण्णांनी मोजलं होतं. तक्त्यात त्या तारखेला चारशे वीस लिहिलं होतं.

मी ते खोडलं आणि त्याच्या शेजारी नळीवर आलेला आकडा लिहिला. मग वहिनींना बोलावून सगळं सांगितलं.

तक्ता अजून दारामागे आहे. शेवटचं रीडिंग माझ्या अक्षरात आहे. एकशे ऐंशी.