विश्रामगृहात लावलेलं सील

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ज्या बाटल्यांमुळे एक माणूस सहा महिने तुरुंगात राहिला, त्या बाटल्यांत त्याच्याच हॉटेलातलं बेसन होतं की दुसऱ्याच्या, हे त्या भरणाऱ्या मलाच ठाऊक नव्हतं. कोर्टात मी शपथेवर सांगितलं, ठाऊक आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यात हॉटेलं, बेकऱ्या तपासत फिरणाऱ्या अन्न निरीक्षकांच्या हाताखाली मी नवाच लागलो होतो. थैली माझ्याकडे असायची: रिकाम्या बाटल्या, चिठ्ठ्या, सीलची लाख, ती वितळवायला मेणबत्ती, शिक्का. नियम असा, की नमुन्याचे तीन भाग करायचे, मालकाच्या आणि पंचांच्या डोळ्यांदेखत बाटल्यांत भरायचे आणि तिथंच सील करायचे. पण हॉटेलात गर्दी जमायची, वाद व्हायचे. म्हणून आम्ही चिठ्ठ्यांवर सह्या घेऊन नमुन्याच्या पुड्या उचलायचो आणि बाटल्या विश्रामगृहावर भरायचो. साहेब म्हणायचे, सगळेच असं करतात.

त्या दिवशी सकाळी एका बेकरीत मैद्यात उंदराच्या लेंड्या सापडल्या होत्या. साहेबांनी मळलेला सगळा गोळा नालीत फेकायला लावला. त्याच रागात आम्ही शहापूरच्या एका हॉटेलात शिरलो. मालक चाळिशीचे, धोतर स्वच्छ, कपबश्या उकळत्या पाण्यातून काढणारे.

"या जी, पाहून घ्या," ते म्हणाले. "आमच्या इथं उंदीरबी पाय पुसून येते."

गिऱ्हाइकं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी भट्टीमागे, मोरीत, रांजणात बॅटरी मारून पाहिली. काहीच सापडलं नाही. मग म्हणाले, "बेसनाचा नमुना घे."

"घ्या ना जी. चन्याचं हाय. गिरणीत उभा राहून दळून आणतो मी."

सही करताना मात्र ते थांबले. "बाटलीत इथंच नाई भरत का?"

"रेस्टहाऊसवर भरतो, काका," मी म्हणालो.

"बरं. तुम्ही त आपल्याकडलेच हा. मंग कायची फिकर?"

पुढं त्याच रस्त्यावर आणखी एक हॉटेल. तिथूनही बेसनच घेतलं. त्या मालकानं सही करताना दोनदा कपाळ पुसलं. ते मी पाहिलं होतं.

विश्रामगृहावर साहेब जेवून आडवे झाले. लाईट गेलेली होती. मी टेबलावर दोन्ही पुड्या मांडल्या, प्रत्येकीवर त्या त्या मालकाच्या सह्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि मेणबत्ती पेटवली. तेवढ्यात लाईट आली. डोक्यावरचा पंखा एकदम जोरात फिरला. मेणबत्ती विझली आणि चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या.

पलंगाखालून, दाराआडून त्या गोळा केल्या. समोर दोन पुड्या: सारख्याच वर्तमानपत्रात बांधलेल्या, आत सारखंच पिवळं पीठ. कोणती कोणाची, सांगता येईना. आतल्या खोलीतून आवाज आला, "काय रे, झालं का?"

खरं तर साहेबांना उठवायचं होतं. पुड्या फेकून पुन्हा दोन हॉटेलं गाठायची होती. एक शिवी खावी लागली असती. पण माझ्या आधीच्या माणसाच्या हातून एक बाटली फुटली म्हणून साहेबांनी त्याला घरी पाठवलं होतं, आणि मी अजून कायम व्हायचा होतो. "झालंच साहेब," मी म्हणालो. अंदाजानं चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सहाही बाटल्या सील केल्या.

अहवाल आला. शहापूरच्या मालकांच्या नावाच्या बाटलीत लाखोळीचं पीठ निघालं. आमच्याकडे धान उभं असतानाच त्याच शेतात, बांधीत, लाखोळीचं बी फेकतात. तिची डाळ घरोघरी शिजते, माझ्या आईनंही शिजवली. पण फार खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून तिची विक्री बंद होती आणि बेसनात मिसळणं गुन्हा. दुसऱ्या हॉटेलाचा नमुना शुद्ध ठरला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पोस्टमन दिसला तरी मी रस्ता बदलायचो.

कोर्टाच्या व्हरांड्यात शहापूरचे काका मला भेटले. चिडले नव्हते. उलट मलाच धीर दिला. "गिरणीत कोणाच्या पिठाची मिसळ झाली असन. मी दुसरी बाटली मोठ्या प्रयोगशाळेत धाडाले लावली हाय. ते त खरं बोलन ना?"

मी मान हलवली. तिन्ही बाटल्या मी एकाच पुडीतून भरल्या होत्या. दुसरी बाटलीही पहिलीसारखंच बोलणार, हे त्या व्हरांड्यात फक्त मला माहीत होतं. आणि ती तसंच बोलली.

साक्षीच्या दिवशी वकिलांनी विचारलं, "नमुना आरोपीसमोर सील केला होता का?" साहेब समोर बसले होते. काकाही. त्यांना तर माहीतच होतं की केला नव्हता. ते माझ्याकडे पाहत राहिले, आपल्याकडला माणूस आता बोलेल म्हणून.

"होय," मी म्हणालो.

सहा महिन्यांची सजा भोगून ते आले तेव्हा हॉटेल बंद पडलं होतं. लाखोळीवाल्याच्या हातचा चहा कोण पिणार? नंतर ते लग्नाकार्यात आचाऱ्याच्या हाताखाली भजी तळायला जाऊ लागले.

तरीही मी स्वतःला समजवत होतो, अंदाज बरोबरही आला असेल. पाच-सहा वर्षांनी त्या दुसऱ्या हॉटेलात तपासणीला गेलो. मालक चहा पुढं करत हसत म्हणाला, "त्या साली त अर्धी लाखोळीच होती जी बेसनात. कसा वाचलो, देवालेच मालूम." त्याला ती गंमत वाटत होती. मी कप तसाच ठेवून बाहेर आलो.

साहेब आता नाहीत. माझी नोकरी केव्हाच कायम झाली. काका आहेत, ऐकू कमी येतं, पण माणसं ओळखतात. मागच्या वर्षी एका लग्नात त्यांनीच मला पान वाढलं. म्हणाले, "खा बाबू, बेसन चांगलं हाय." टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. मी मान खाली घालून जेवलो.

सील तुमच्यासमोर झालं नव्हतं, चिठ्ठ्या उडाल्या होत्या, बेसन तुमचं नव्हतं. एवढं त्यांच्या तोंडावर, गावातल्या चार माणसांत, मोठ्यानं सांगणं मी त्यांना देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.