‘मान’ हा कॉन्टॅक्ट टाइप

“मॅडम, तुमच्या कागदार पयलो कोण आसा?”

फोनवर बाई होती. आवाज बारीक, पण हट्टी. मी विचारलं, कुठला कागद, कसला पहिला?

“कॅम्पाचा आमंत्रण इला ना, तेच्यार आमच्या सासऱ्यांचा नाव आसा. ता काढा. आजच्या आज काढा. नायतर म्हातारो हडेच मरतलो.”

ही सुलभा. मालवणच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे, तिथली. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. तिचे सासरे सदानंद मास्तर, निवृत्त शिक्षक आणि गावच्या देवस्थानाचे मानकरी. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणारा. मला वाटलं, नाव चुकीचं छापलं गेलं असेल. असे फोन रोज यायचे. “बघते हं,” म्हटलं आणि ठेवला. ठेवताना वैतागलेही होते, खोटं कशाला सांगू?

मी मार्था, वेंगुर्ल्याची. तेव्हा, म्हणजे दोन हजार सहाच्या सुमाराला, कुडाळच्या एका धर्मादाय संस्थेत डेटाबेस सांभाळत होते. संस्थेचा छोटा दवाखाना होता, एक रुग्णवाहिका होती, आणि गावोगाव डोळ्यांचे आणि साखरेचे कॅम्प लागायचे. आमचे देणगीदार म्हणजे नुसते चेक फाडणारे नव्हेत. देवस्थान सभामंडप द्यायचं, मच्छीमार सोसायटी होडी द्यायची, महिला मंडळ जेवण रांधायचं. आमच्या लेखी सगळे देणगीदारच.

आता पत्र संस्थेच्या नावे गेलं तरी ते उघडतो माणूस. म्हणून डेटाबेसमध्ये प्रत्येक संस्थेखाली माणसं लावायची, आणि प्रत्येकापुढे तो कशासाठी आहे ते नोंदवायचं. निमंत्रण कोणाला, आभाराचं पत्र कोणाला, सभामंडपाची किल्ली कोणाकडे. याला म्हणतात कॉन्टॅक्ट टाइप. त्यातला एक माणूस ‘मुख्य’. पहिलं पत्र त्याला जातं.

माझ्याआधीच्या कारकुनांनी हे टाइप मनाला येतील तसे केले होते. ‘अध्यक्ष’ वेगळा, ‘प्रेसिडेंट’ वेगळा. ‘भाऊंचा मेव्हणा’ हाही टाइप. ‘सकाळी फोन करू नये, ओरडतात’ हाही टाइपच! पुण्याच्या कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा मी पाच टाइप ठेवले आणि बाकीचे केरात टाकले. केर काढायला मला फार आवडतं. घरीसुद्धा माझ्या या सवयीला सगळे कंटाळलेत.

त्या केरात एक टाइप होता ‘मान’. त्यात सबंध जिल्ह्यातून एकच रेकॉर्ड. नाव, राखणदार. आडनाव नाही. फोन नाही. पत्ता, वडाखाली. आणि तो सुलभाच्या गावच्या देवस्थानाचा ‘मुख्य’ म्हणून लावलेला.

राखणदार कोण, हे मला कोणी शिकवायला नको. गावाची शीव राखतो तो. दिसत नाही, पण असतो म्हणतात. झाडाखाली त्याची जागा असते, वर्षाला तिथे नवी काठी, घोंगडं, चामड्याच्या वहाणा ठेवतात. गावात काही करायचं झालं तर पहिला नारळ त्याला. आमच्या वाडीतले ख्रिस्तावसुद्धा पाद्रीबाबाला कळू न देता मेणबत्ती लावून येतात. हे सगळं ठाऊक होतं मला. तरी मी म्हटलं, डेटाबेस म्हणजे काही देऊळ नव्हे. डिलीट दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

मुख्य माणूस काढला की सॉफ्टवेअर जागा मोकळी ठेवत नाही. यादीत खाली जो असेल त्याला वर सरकवतं. इथे खाली होते सदानंद मास्तर. कॅम्पचं पहिलं निमंत्रण त्यांच्या नावाने छापलं गेलं. वर मोठ्या अक्षरांत ‘प्रथम निमंत्रण’, सोबत नारळ. पूर्वी ते कारकून हे पत्र आणि नारळ घेऊन स्वतः त्या गावात जायचे. कोणाच्या हाती देतात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आता आमचा ड्रायव्हर विजय गेला. तो नवा. लिफाफ्यावर नाव वाचलं, त्या माणसाच्या हातात नारळ ठेवला, परत आला.

सुलभाच्या फोनला तासही झाला नसेल. आमच्या डॉक्टरबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. बाई कधी कोणाच्या टेबलाशी जात नसत, हाक मारत.

“मार्था, सदानंद मास्तरांचं काय केलंस तू?”

“मी? काही नाही. का?”

“पायाचं बोट काळं पडलंय त्यांच्या. साखर आहे. उद्यापर्यंत इथे आणलं नाही तर पाय जाईल. पायावर थांबलं तर नशीब. आणि ते शीव ओलांडायला तयार नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणतात, राखणदाराचा मान मी हातात घेतला. शीव त्याची. तो मला बाहेर सोडणार नाही. कागदावरून नाव निघेपर्यंत येणार नाही.”

सायबा, तो कागद माझा! मी पुण्याला फोन लावला. तिथे कौस्तुभ म्हणून मुलगा होता, हुशार, पण घाईचा.

“डिलीट केलेला रेकॉर्ड परत येत नाही मॅडम. नवा करा.”

“करतेय. आडनाव मागतोय.”

“आडनाव कंपल्सरी आहे. फोनही.”

“या माणसाला आडनाव नाही. फोनही नाही.”

“असं कसं? पुरावा काय मग? राहतो कुठे तो?”

“वडाखाली.”

मग म्हणाला, “मॅडम, तो आहे ना नक्की? की टेस्ट एंट्री आहे?”

“कौस्तुभ, एका माणसाचा पाय जायला आलाय. मला वाद घालायचा नाही.”

शेवटी मी गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव केलं. फोनच्या रकान्यात ऑफिसचा नंबर घातला. ‘मान’ हा टाइप पुन्हा तयार केला आणि राखणदाराला मुख्य केलं. मास्तर एक घर खाली आले. नवं निमंत्रण छापलं, यादीही छापली. डॉक्टरबाईंनी सही केली आणि म्हणाल्या, “पत्र घेऊन जा, मास्तरांना घेऊन ये. रिकामी येऊ नकोस.”

मी आणि विजय रुग्णवाहिका घेऊन पोचलो तेव्हा भर दुपार होती. जानेवारीतलं ऊन, तरी अंगावर काटा येत होता. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंची घरं बंद, आणि आत माणसं आहेत हे कळत होतं. एका घरात रेडिओ चालू होता, गाडी समोर येताच तो बंद झाला. कुत्री पडवीत पडली होती, मान वर करून बघत होती. एकही भुंकलं नाही. रुग्णवाहिकेवर न भुंकणारी कुत्री मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

“मॅडम,” विजय हळूच म्हणाला, “त्या दिवशी नारळ दिलो तेव्हा पण असाच हुता.”

मास्तर पडवीत खाटेवर होते. पायाला फडकं गुंडाळलेलं, वास दारापर्यंत येत होता. सुलभा डोळे पुसत उभी. मी काही बोलायच्या आधी त्यांनी हात पुढे केला. मी यादी दिली. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचली. मग पुन्हा वरपासून वाचली.

“तू काढललंस तेका?”

“हो मास्तर. चुकलं माझं.”

“माझापण चुकला. नारळ आदी हातात घेतलंय, मगे चष्मो लावलंय. जन्मभर पोरांक सांगलंय, आदी वाचा, मगे सही करा.” ते हसले, पण ओठांनीच. “घराकडे येताना पाणंदीत दगडाक पाय लागलो. चाळीस वर्सा मी त्या वाटेन चलतंय बाय. थंय दगड नाय. दुसऱ्या दिवशी सुलभान जावन बघल्यान. दगड नाय.”

सुलभाने नुसती मान हलवली.

“मास्तर, गाडीत बसा. पाय वाचेल अजून.”

“तसो येवचंय नाय. नारळ तेका पोचवक व्हयो. आणि तो तुझ्याच हातान. नाव तू पुसलंस.”

“मी ख्रिस्ताव आहे मास्तर.”

“तो ता विचारना नाय.”

नारळ फळीवर ठेवलेला होता, न फोडता. मी तो घेतला, पत्र घेतलं. पर्समध्ये रोझरीची जपमाळ होती, ती दुसऱ्या हातात धरली. कोणाला काय वाटायचं ते वाटो! सुलभा माझ्यामागून आली. गाऱ्हाणं कसं घालायचं ते तिने वाटेत सांगितलं. एकाने देवापुढे एकेक गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं.

वडाखाली काठी होती, घोंगडं होतं. वहाणांचा एक जोड होता. गेल्या वर्षी नवा ठेवला होता, सुलभा म्हणाली. टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्या होत्या, जसा चालणारा माणूस झिजवतो तशा. मी तिकडे पुन्हा बघितलं नाही. नारळ ठेवला आणि पत्र वाचायला घेतलं, पण पत्रातलं एक अक्षर दिसेना. मग पाठ नसलेलंच बोलले.

“बा म्हाराजा, कॅम्पाचं पहिलं आमंत्रण तुझं.”

मागून आलं, “होय म्हाराजा.”

“ते चुकून दुसऱ्याच्या हाती गेलं.”

“होय म्हाराजा.”

“चूक माझी, मार्थाची. मास्तरांची नव्हे. त्यांना शिवेबाहेर जाऊ दे. परत आणून सोडायची जबाबदारी माझी.”

आता काहीच आलं नाही. वडाची पानं हलत होती ती थांबली. मला वाटलं, झालं, मास्तर गेले. मी मोठ्याने बोलले, जवळजवळ भांडलेच, “कागदावर तू पहिला आहेस. मी स्वतः लावलाय. जाऊ दे त्यांना!”

“होय म्हाराजा.” या वेळी फार जवळून.

परत वळताना मी खाली बघतच चालले. मास्तरांना आम्ही तिघांनी उचलून गाडीत घेतलं. त्यांनी नारळाची रिकामी फळी एकदा बघून घेतली. गाडी सुरू झाली तशी मला जरा धीर आला. मी सुलभाचा हात धरून म्हटलं, “बरं झालं गो तू जाब दिलास. मी एकटी असते तर पळाले असते.”

ती म्हणाली, “मॅडम, माझ्या गळ्यातसून आवाज खंय येय हुतो? मी तोंडात पदर घालून उभी हुतंय.”

“गप बसा दोघी,” मास्तर म्हणाले. “शीव इली.”

विजयने न सांगता गाडी थांबवली. मास्तरांनी हात जोडले. खिडकीबाहेर काजूची झाडं आणि एक जुना दगड, बाकी काही नव्हतं. पण ते कोणाची तरी वाट बघावी तसे बघत होते. किती वेळ गेला माहीत नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला.

“हां. चल रे.”

डॉक्टरबाईंनी संध्याकाळीच ऑपरेशन केलं. दोन बोटं गेली, पाय राहिला. बाईंच्या मते जंतुसंसर्ग होता, साखर होती, आणि अजून एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं. मलाही ते पटतं. मी त्यांना वडाखालचं काही सांगितलं नाही. मास्तर बरे झाल्यावर मी स्वतः गाडीत बसून त्यांना घरी सोडून आले, शब्द दिला होता म्हणून. या वेळी कुत्री मनसोक्त भुंकली. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना बिस्किटं घातली.

सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारून यायचं, आणि दरवर्षी कौस्तुभ विचारायचा, “मॅडम, ‘मान’ टाइपमध्ये एकच रेकॉर्ड आहे. काढू का?” मी म्हणायचे, हात लावू नकोस. त्याला कारण सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. त्याने मला ‘डेटा क्लीनिंग’ची माहिती पाठवली.

या कामात मी एक गोष्ट शिकले. आपण नाव पुसतो तेव्हा आपल्याला वाटतं, एक माणूस कमी झाला. तसं नसतं. जागा भरली जाते, आणि जो तिथे लावला जातो त्याला कोणी विचारलेलं नसतं. ते विचारायचं काम सॉफ्टवेअर करणार नाही, आपल्यालाच करावं लागतं.

मास्तर दोन हजार दहाच्या सुमाराला वारले, आपल्या घरात, झोपेत. त्यांचं रेकॉर्ड बंद करायला मी स्क्रीन उघडली. खाली बघितलं. त्यांच्या जागी सरकणार होती सुलभा. पत्रव्यवहारासाठी म्हणून तिचं नाव मीच कधीतरी लावलं होतं. मी माउसवरचा हात काढला आणि तिला फोन केला. सांगितलं की यादीत दुसरं नाव आता तुझं येईल. येऊ देऊ, की दुसऱ्या कोणाचं लावू?

तिच्या मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

“मार्थाबाय,” ती म्हणाली, “पयलो आसा मां अजून?”

“आहे.”

“मगे लाव माझा नाव.”